मुलाखतीआधीचा एक रविवार

पहाटे ५.००

चहा उकळेपर्यंत वह्या काढते. पाच मुलं, पाच वह्या. त्यांत गुण लिहिलेले नसतात. मूल गेल्या खेपेला काय बोललं, कुठे अडखळलं, कोणत्या प्रश्नावर खुलून आलं, एवढंच असतं. आज कोणाला काय विचारायचं ते त्यावरून ठरतं.

ही मुलं डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजच्या, म्हणजे सगळे म्हणतात त्या आरआयएमसीच्या तोंडी परीक्षेला बसणार आहेत. लेखी परीक्षा जूनमध्ये झाली. आता सप्टेंबर सरत आलाय आणि पुण्याचं बोलावणं तोंडावर आलं आहे. जानेवारीच्या सत्रात आठवीत प्रवेश मिळतो, आणि तेव्हा मुलाचं वय साडेअकरा ते तेराच्या दरम्यान असावं लागतं.

हिशेब मी पालकांना पहिल्याच भेटीत फळ्यावर मांडून दाखवते. गणित २००, इंग्रजी १२५, सामान्य ज्ञान ७५, अशी लेखी परीक्षा ४०० गुणांची. तोंडी परीक्षा ५० गुणांची. निम्मे गुण प्रत्येक ठिकाणी मिळवावे लागतात, तोंडी परीक्षेतसुद्धा. म्हणजे गणितात १९० मिळवणारं पोर खोलीत जाऊन गप्प बसलं आणि २५ गुण गाठता आले नाहीत, तर ते १९० वाया गेले. दोन वर्षं क्लास लावून गणित घोटून घेणारी घरं या पन्नास गुणांसाठी शेवटच्या आठवड्यात एक पाठ केलेला परिच्छेद मुलाच्या हातात देतात. त्या परिच्छेदाशी माझं भांडण आहे, आणि ते मी अख्खा रविवार भांडते.

सैनिक शाळेच्या प्रवेशाला आता मुलाखत नाही. नवोदयलाही नाही, तिथे लेखी परीक्षेवरच निवड होते. त्यामुळे आमच्या भागातल्या बहुतेक घरांना प्रवेशाच्या मुलाखतीची सवयच राहिलेली नाही. अनोळखी मोठ्या माणसांनी बारा वर्षांच्या मुलाला समोर बसवून, त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, हा अनुभव पुष्कळ मुलांना पहिल्यांदा तिथेच येतो.

सकाळी ६.१५

साताऱ्यातल्या ‘चार भिंती’च्या चढाला लागलो आहोत. अजिंक्यतारा किल्ल्याच्या अंगावर ढग उतरलेत, वाट ओली आहे. नियम एकच: वर पोहोचेपर्यंत बोलायचं नाही, फक्त बघायचं. वर गेल्यावर प्रत्येकाने पाच गोष्टी सांगायच्या आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. ‘निसर्ग सुंदर होता’ हे वाक्य इथे चालत नाही. मुलांना ते कळलं आहे.

तासगावचा मुलगा म्हणाला, “खाली बांधकाम चाललंय.”

“किती माणसं होती?” पाटणच्या मुलाने विचारलं.

“तीन. एक गवंडी, दोन बायका विटा देत होत्या.”

“विटा कसल्या?”

“सिमेंटच्या. आमच्याकडं लाल असतात, भट्टीतल्या.”

“का?”

तो थांबला. विचार करून म्हणाला, “आमच्याकडं नदीकाठाला गाळाची माती मिळते. भट्ट्या तिथंच आहेत.”

मला जे हवं होतं ते एवढंच. पॅनेलवरची माणसं मुलाला नेमकं असंच पायरीपायरीने आत नेतात. पहिला प्रश्न सोपा असतो, दुसरा पहिल्या उत्तरातून निघतो, तिसरा दुसऱ्यातून. पाठ केलेलं उत्तर पहिल्या पायरीवर छान वाजतं आणि दुसऱ्या पायरीवर संपतं. ज्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं त्याला तिसऱ्या पायरीवरही सांगायला काहीतरी सापडतं, आणि नाही सापडलं तरी तो शोधताना दिसतो. शोधणारं मूल बघायला मिळावं यासाठीच तर समोरची माणसं बसलेली असतात.

सकाळी ८.००

वाचनालयाच्या वरच्या खोलीत पोहे. खोली आम्हाला रविवारपुरती मिळते. सतरंज्या मुलंच घालतात, ताटल्या मुलंच विसळतात, राहिलेले पोहे कोणाला द्यायचे तेही तीच ठरवतात. सोडायला आलेल्या आया खाली थांबतात, त्यांना वर यायची मुभा नाही. पहिल्या रविवारी एका आईने पोराला ‘खाल्लंस का’ हे विचारायला जिन्यात तीनदा चकरा मारल्या होत्या. वसतिगृहात ताटातलं संपवणं, आपले मोजे आपण धुणं, रडू आलं तर कोणाला तरी सांगणं, हे सगळं ज्याचं त्यालाच करावं लागतं. त्याची थोडी सवय इथेच लागलेली बरी.

सकाळी ९.००

‘टेल अस समथिंग अबाउट युवरसेल्फ.’ सगळ्या मुलाखतींचं दार बहुधा याच प्रश्नाने उघडतं, आणि सगळ्यात जास्त घोकंपट्टीही याच प्रश्नाची होते.

कोरेगावचा मुलगा उभा राहिला. “माय फादर इज अ सिंपल फार्मर. माय मदर इज अ हाउसवाइफ. आय बिलाँग टू अ मिडल क्लास फॅमिली.” श्वास न घेता बोलला. हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलं आहे की कोणत्या क्लासचा कागद फिरतोय ते ओळखता येतं.

“खाली बस,” म्हटलं. “मराठीत सांग. वडील शेतात काय पिकवतात?”

“घेवडा. वाघ्या घेवडा.”

“वाघ्या का म्हणतात?”

“दाण्यावर पट्टे असतात ना, बाई. वाघासारखे.”

मग तो सुरूच झाला. पेरणी कधी, पाऊस जास्त झाला तर काय होतं, काढणीच्या वेळी ऊन का लागतं, मळणीनंतर आई आणि आजी दाणे कसे निवडतात, व्यापारी पोत्यात हात घालून कसा दर पाडतो. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, हे त्याच्या शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. पण बाकीचं सगळं त्याचं होतं. ‘सिंपल फार्मर’ या दोन शब्दांखाली हे सारं गाडलं गेलं होतं.

पुढचा पाऊण तास आम्ही तेच हिंदीत आणि मग इंग्रजीत आणलं. छोटी वाक्यं. ‘ग्रेन’, ‘स्ट्राइप्स’, ‘हार्वेस्ट’, ‘ट्रेडर’, एवढे चारच नवे शब्द लागले. मराठी माध्यमाच्या मुलाला मी सांगते, तुझ्याकडे इंग्रजी कमी असेल, पण सांगण्यासारखं कमी नाही. इंग्रजी शब्द अडला तर ‘सर, मे आय से इट इन हिंदी?’ असं सरळ विचारायचं. विचारणाऱ्याची मान खाली जात नाही.

सकाळी १०.४५

आता संस्थेची माहिती. जिथे जायचं ते ठिकाण मुलाला ठाऊक असलंच पाहिजे. हे कॉलेज १३ मार्च १९२२ रोजी सुरू झालं, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. भारतीय मुलांना लष्करी अधिकारी होण्यासाठी तयार करायचं, हा उद्देश. ब्रीदवाक्य ‘बल विवेक’. मुलांचे चार सेक्शन आहेत: चंद्रगुप्त, प्रताप, रणजित आणि शिवाजी. ‘शिवाजी’ ऐकल्यावर प्रत्येक खेपेला सगळे एकमेकांकडे बघतात आणि आपण कुठे जाणार ते जागेवरच ठरवून टाकतात.

इथून शिकून गेलेल्यांत पहिलं परमवीरचक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा आहेत. ते ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला लढताना गेले. जनरल थिमय्या आहेत. १९७३ ते १९७५ या काळात लष्करप्रमुख असलेले जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर आहेत.

ही नावं पाठ होतात. पुढचा प्रश्न पाठ होत नाही. “यांच्यापैकी एकाबद्दल तुला काय भावलं आणि का?” सगळ्यांचं उत्तर ‘शूर होते’ असंच येतं. मग मी सोमनाथ शर्मांच्या हाताची गोष्ट सांगते. डाव्या हाताला प्लास्टर होतं, तरी ते कंपनीसोबत काश्मीरला गेले आणि लढाईत एका हाताने मॅगझिन भरून जवानांना देत राहिले. म्हसवडची मुलगी लगेच म्हणाली, “त्यांना घरी थांबता आलं असतं. हात मोडलेला दाखवला असता तर कुणी काही म्हटलं नसतं.” ‘शूर’ या शब्दाच्या आत काय असतं ते तिने स्वतःच्या वाक्यात मांडलं. ते तिच्या वहीत लिहून घेतलं.

सकाळी ११.३०

आपला जिल्हा. याद्या सगळ्यांकडे आहेत: कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, सावित्रीबाई फुले नायगावच्या, खाशाबा जाधव गोळेश्वरचे, त्यांचं कुस्तीतलं कांस्यपदक १९५२ साली हेलसिंकीचं, कास पठार, कोयना धरण. यादी चुकीची नाही, पण यादी वाचून दाखवायला मुलाची गरज नसते. म्हणून मी सांगते, यातल्या एका गोष्टीशी तुझं काही नातं असेल तर ती निवड आणि तिच्यावर राहा.

पाटणच्या मुलाने कोयनेचा भूकंप निवडला. ११ डिसेंबर १९६७, पहाट. तेव्हा त्याची आजी त्याच्याच वयाची होती. गेल्या रविवारी मी त्याला घरी जाऊन आजीला विचारायला सांगितलं होतं. आज त्याने सांगितलं: आजी गोठ्यात होती म्हणून वाचली, घराची भिंत पडली, त्यानंतर कित्येक रात्री सगळा गाव शेतात झोपला. मग त्याने आपणहून विचारलं, “बाई, पाण्याच्या वजनानं भूकंप होतो का खरंच?” मोठा तलाव भरल्यावर जमिनीखालच्या भेगांमध्ये पाणी आणि दाब कसा वाढतो, आणि कोयनेचा अभ्यास जगभरातले शास्त्रज्ञ का करतात, ते आम्ही बोललो. पॅनेलने त्याला कोयना विचारलीच, तर त्याच्याकडे आजी आहे, शास्त्र आहे आणि एक खरा प्रश्नही आहे.

मग ‘माहीत नाही’चा सराव. मी मुद्दाम असे प्रश्न विचारते की ज्यांची उत्तरं बारा वर्षांच्या मुलाला येणार नाहीत. नजर खाली न घालता, ‘सॉरी’चा भडिमार न करता, स्वच्छ म्हणायचं: “आय डू नॉट नो, सर.” आणि थोडं कळत असेल तर: “नक्की माहीत नाही, पण मला असं वाटतं.” अंदाज आणि थाप यांतला फरक मुलांना झटकन कळतो. तो पाळायला धीर लागतो, आणि धीर सरावानेच येतो.

दुपारी १२.४५

डबे. जेवताना कागदपत्रांची तपासणी उरकते. जन्मदाखला, अधिवास प्रमाणपत्र, शाळेचा बोनाफाईड, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला. ओरिजिनल एका फोल्डरमध्ये, झेरॉक्स दुसऱ्यात. तासगावच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर आईच्या नावाचं एक अक्षर वेगळं आहे. त्याच्या वडिलांना फोन करून उद्याच ग्रामपंचायतीत जायला सांगितलं. केस बारीक, नखं कापलेली, बूट पायात सैलसर आणि आधी घालून मुरलेले. नवे कोरे चावणारे बूट घालून मुलाखतीला जाऊ नये. मूल अर्धा वेळ टाचेचा विचार करत बसतं.

दुपारी १.४५

सराव मुलाखती. पॅनेलवर मी, एक निवृत्त सुभेदारसाहेब आणि बँकेत अधिकारी असलेल्या एक ताई. सुभेदारसाहेब अपशिंग्याचे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, आणि आजही तिथे घरटी कोणी ना कोणी सैन्यात असतं. त्यांचा आवाज मोठा आहे आणि मुलं आधी दचकतात. मुलाखतीच्या खोलीत मोठा आवाज ऐकून दचकण्यापेक्षा इथे दचकलेलं चांगलं, म्हणून मी त्यांना तो कमी करायला सांगत नाही.

साताऱ्यातला मुलगा पहिला. वडील डॉक्टर, इंग्रजी शाळा, बोलणं सफाईदार. दार, ‘मे आय कम इन’, बसणं, हात मांडीवर, सगळं जागच्या जागी. सुभेदारसाहेबांनी विचारलं, “गेल्या आठवड्यात घरातलं कोणतं काम तू स्वतः केलंस?” मुलगा थांबला. बराच वेळ थांबला. मग म्हणाला, “सर, कोणतंच नाही.” खोटं बोलला नाही, याचं मला समाधान वाटलं. पण चेहरा पडला तो पडलाच, पुढची तिन्ही उत्तरं पुटपुटत दिली.

म्हसवडची मुलगी. माणदेशी, मेंढपाळाची लेक. सुभेदारसाहेबांनी मुद्दाम आवाज चढवला. “लष्करी कॉलेज आहे. मुलींना झेपेल का?”

तिने हिंदीत उत्तर दिलं. “सर, २०२२ से वहाँ लड़कियाँ हैं. वो रहती हैं, तो मैं भी रहूँगी.”

“एनडीएचं काय? तिथे काय होतं ते ठाऊक आहे?”

“जी सर. वहाँ से २०२५ में पहली सत्रह लड़कियाँ पास हुईं.”

“आणि तुला जमलं नाही तर?”

“पता नहीं, सर. अब तक किया नहीं है.”

ताईंनी पेन खाली ठेवलं. मी मुद्दाम काही बोलले नाही. कौतुकाची सवय लागली की मूल प्रत्येक उत्तरानंतर समोरच्याचा चेहरा वाचू लागतं.

प्रत्येक मुलाखतीनंतरची पद्धत ठरलेली आहे. आधी मुलानेच सांगायचं, काय चांगलं गेलं. मग, काय वेगळं करशील. त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून एकच गोष्ट सांगायची. पाच चुका एकदम सांगितल्या तर मूल सहावी करतं. कोरेगावच्या मुलाला आजची एक गोष्ट: उत्तर संपलं की थांब, शांतता भरून काढायला पुढे बोलू नको. पाटणच्या मुलाला: प्रश्न विचारणाऱ्याकडे बघ, पण बाकी दोघांनाही विसरू नको. तासगावच्या मुलाला: आवाज शेवटच्या शब्दापर्यंत टिकव. म्हसवडच्या मुलीला: प्रश्न पुरता संपू दे, मग बोल. साताऱ्यातल्या मुलाला: एक उत्तर बिघडलं म्हणून मुलाखत बिघडत नाही, पुढचा प्रश्न नवा असतो.

दुपारी ४.३०

आता पालक वर येतात. माझ्या दिवसाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेचा तास हाच.

एक गोष्ट मी दर खेपेला पाहते. वर आलेल्या पाहुण्याने मुलाला नाव विचारलं की नाव आई सांगते. कितवीला आहेस म्हटलं की इयत्ता वडील सांगतात. काय आवडतं विचारलं की घरातलं तिसरंच माणूस उत्तर देतं, “त्याला क्रिकेटचं फार वेड आहे हो.” मूल बाजूला उभं राहून स्वतःविषयीची उत्तरं ऐकत असतं. बारा वर्षं असं ऐकलेल्या मुलाला एका सकाळी खोलीत एकटं पाठवायचं आणि ‘घाबरू नकोस, मोकळेपणाने बोल’ म्हणायचं, हा अन्याय आहे. मुलाखत मुलाची असली तरी तयारी घराने करायची असते. त्यातली पहिली पायरी म्हणजे मोठ्यांनी मुलाच्या वाटची उत्तरं देणं बंद करणं.

म्हणून आज पालक आणि मूल समोरासमोर बसले. पालकांना एकच प्रश्न विचारायचा होता, ज्याचं उत्तर त्यांना खरोखर ठाऊक नाही असा. अभ्यासाचा नको, परीक्षेचा नको. खोली शांत झाली. प्रश्न विचारायला मुलांपेक्षा पालकच अडखळत होते.

कोरेगावच्या मुलाचे वडील बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, “तुला माझा राग कधी येतो?”

मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी त्यांच्याकडे बोट केलं.

“शाळेत सोडायला येता आणि सरांपुढं सगळ्यांदेखत माझ्या मार्कांचं बोलता तेव्हा.”

वडील म्हणाले, “बरं.” थोड्या वेळाने परत म्हणाले, “बरं. न्हाई बोलणार.”

एवढंच झालं. पण अशा उत्तरासाठी लागणारा धीर आणि अनोळखी पॅनेलपुढे बोलायला लागणारा धीर एकच आहे. जो वडिलांना हे सांगू शकला, तो परक्या माणसांपुढे घेवड्याबद्दल न भिता बोलेल, असा माझा विश्वास आहे.

घरासाठी तीन कामं सांगितली. रोज रात्री पाव तास मूल बोलेल आणि घर ऐकेल, मध्ये ‘असं नाही, असं सांग’ म्हणायचं नाही. दुकानात, बसमध्ये, बँकेत बोलायचं ते मुलाने. आणि मुलाखत झाल्यावर परतीच्या वाटेवर ‘काय विचारलं, तू काय सांगितलंस, असं का नाही सांगितलंस’ ही उलटतपासणी करायची नाही. मुलाला भूक लागलेली असते, त्याला खाऊ घालायचं.

डॉक्टरांनी विचारलं, “बाई, उत्तरं तयार करून दिली तर काय बिघडतं? शेवटी स्पर्धा आहे.” प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, तुमची उत्तरं मोठ्या माणसाची असतात, ती मुलाच्या तोंडात शोभत नाहीत. आयुष्यभर मुलांमध्ये वावरलेली माणसं पॅनेलवर असतात, त्यांना वास लगेच येतो. आणि त्याहून मोठं कारण हे की, तुमचं उत्तर तोंडात असेपर्यंत मुलाला स्वतःचं शोधावंसं वाटत नाही.

संध्याकाळी ६.००

पालक खाली गेले. आता प्रत्येक मुलाशी एकट्याने दहा मिनिटं. यात सराव नाही, गुण नाहीत. एकच प्रश्न: तुला जायचं आहे का?

डेहराडून साताऱ्याहून दीड हजार किलोमीटरहून लांब आहे. थंडी वेगळी, जेवण वेगळं, भाषा वेगळी. सुट्टीतच घरी यायचं. तेरा वर्षांच्या आत मुलाने घर सोडावं का, यावर समंजस माणसांची दोन मतं असू शकतात. मुलाचं स्वतःचं मत मात्र कोणीतरी विचारलंच पाहिजे, आणि ते असं विचारलं पाहिजे की ‘नाही’ म्हणायची त्याला मोकळीक वाटेल.

पाटणचा म्हणाला, जायचंय, काका मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत, पण जवान आहेत, मला अधिकारी व्हायचंय. म्हसवडची म्हणाली, जायचंय, आणि पहिले सहा महिने रडेन तेही मला माहीत आहे. कोरेगावचा म्हणाला, तिथे मैदानं केवढी आहेत! तासगावचा म्हणाला, जायचंय, पण रात्रीची भीती वाटते, बहीण शेजारी झोपते ना. त्याला सांगितलं, ही भीती पॅनेलने विचारली तर लपवू नकोस. भीती वाटते आणि तरी जायचं आहे, हे दोन्ही एकत्र खरं असू शकतं.

साताऱ्यातला मुलगा बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत बसला. “बाई, बाबांना जायचं होतं लहानपणी. त्यांचं झालं नाही.”

“आणि तुला?”

“मला माहीत नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.”

“बाबांशी मी बोलू का? का तू बोलतोस?”

“तुम्ही सुरू करा. मग मी बोलतो.”

संध्याकाळी ७.१५

खाली गाडीपाशी डॉक्टर थांबले होते. मुलगा माझ्या शेजारी उभा राहिला. मी म्हटलं, याला तुम्हाला काही सांगायचं आहे, मध्ये न बोलता ऐकाल का? मुलाने तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं, त्याच शब्दांत, आणि शेवटच्या शब्दापर्यंत आवाज टिकवून. डॉक्टरांना ते सोपं गेलं नाही. पण ते मध्ये बोलले नाहीत. “पुढच्या रविवारपर्यंत तू ठरव,” एवढंच म्हणाले. “जे ठरवशील ते मला सांग.”

लेखी परीक्षेतून इथपर्यंत आलेलं मूल मागे फिरू शकतं, हे बोलणाऱ्या बाईचा पालकांना राग येतो, हे मला ठाऊक आहे. तरी हे बोललंच पाहिजे. नको असलेल्या शाळेत गेलेलं मूल तिथली दुसऱ्या कोणाची तरी जागा अडवतं आणि स्वतःची चार-पाच वर्षंही.

रात्री ९.००

वह्या परत उघडल्या. प्रत्येकाच्या पानावर आजच्या दोन ओळी. त्याखाली पुढच्या रविवारचा एक प्रश्न. तासगावच्या दाखल्याची आठवण उद्याच्या पानावर.

महाराष्ट्राच्या वाट्याला एका सत्रात अगदी मोजक्या जागा येतात. संपूर्ण कॉलेजमध्येच सुमारे अडीचशे मुलं असतात. पाचांतल्या बहुतेकांना नकाराचं पत्र येणार, हे मी त्यांच्यापासून लपवत नाही. ज्यांना सैन्यात जायचं आहे त्यांच्यासाठी वाटा पुढेही आहेत: नववीला सैनिक शाळा, साताऱ्याची तर देशातली पहिली, १९६१ ची. दहावीनंतर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था, १९७७ पासूनची, आणि मुलींसाठी आता नाशिकला. बारावीनंतर खडकवासल्याचं एनडीए. या वाटांवर पुन्हा कधीतरी एक खोली येते, एक टेबल येतं, समोर माणसं बसलेली असतात. सैन्यात न जाणाऱ्याच्या आयुष्यातही ती येतात: नोकरीच्या वेळी, बँकेत कर्ज मागताना, सरकारी कचेरीत आपलं म्हणणं मांडताना.

म्हणून निकाल काय लागेल याची काळजी करत मी या मुलांना शिकवत नाही. पाहिलेलं सांगता येणं, न येणारं नाही म्हणता येणं, हवं ते मागता येणं आणि नको ते नाकारता येणं, एवढं बाराव्या वर्षी आलं तर ते मूल डेहराडूनला गेलं काय आणि कोरेगावच्या हायस्कुलात आठवीत बसलं काय, त्याचं शिक्षण पुढे सरकलंच. आणि ते येण्यासाठी घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने खरा प्रश्न विचारून गप्प बसायला शिकावं लागतं. तेवढं घरोघरी झालं, तर माझ्यासारखीची रविवारी गरजच उरणार नाही, आणि मला त्याचा आनंदच होईल.